टूर द फ्रान्स समजून पाहायची असेल तर

टूर द फ्रान्स पहिल्यांदा पाहणारे बरेच जण अर्ध्या तासात कंटाळतात. पडद्यावर दीडशेच्या वर सायकलस्वार एका गठ्ठ्याने चाललेले असतात आणि कुणी कुणाला मागे टाकताना दिसत नाही. मधूनच हेलिकॉप्टरमधून एखादा किल्ला दिसतो, सूर्यफुलांची शेतं दिसतात. सकाळपासून पुढे असलेल्या चार जणांना शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये मागचा घोळका गिळून टाकतो. मग एकदम गोंधळ, समालोचकाचा आवाज चढलेला आणि कुणीतरी हात वर करून रेषा ओलांडतो. चार तासांत काय घडलं ते कळलेलंच नसतं.

मला ही शर्यत सगळ्या खेळांहून प्रिय आहे. केवळ कुणी समजावून सांगितलं नाही म्हणून माणसं तिच्यापासून दूर राहतात, याचं वाईट वाटतं. म्हणून पहिल्यांदा पाहणाऱ्याने कुठून सुरुवात करावी, कशाकडे नजर ठेवावी आणि कधी फ्रान्सला जायचा योग आला तर रस्त्याच्या कडेला कुठे उभं राहावं, हे क्रमाने मांडतो. सगळ्यात आधी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे वारा. संघ का असतात, पुढे पळालेले का पकडले जातात, एका माणसासाठी सात जण तीन आठवडे का झिजतात, या सगळ्याचं उत्तर वाऱ्यात आहे.

पायरी १: वेळ आणि टप्पे ठरवून घ्या

टूर जुलैत असते. २३ दिवसांत २१ टप्पे होतात, मधे दोन दिवस विश्रांती मिळते आणि एकूण अंतर साधारण ३,३०० ते ३,५०० किलोमीटर भरतं. उन्हाळ्यात फ्रान्सचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. बहुतेक टप्पे तिथल्या दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान सुटतात, म्हणजे आपल्याकडे साडेतीन ते पाचला. शेवट होतो रात्री नऊच्या आसपास. त्यामुळे नोकरी-धंदा सांभाळूनही रोजचा शेवटचा दीड तास पाहता येतो, आणि बहुतेक दिवशी तेवढा पुरतो. भारतातले प्रक्षेपणाचे हक्क बदलत असतात. यंदा कुठे दिसणार, हे जूनच्या अखेरीस पाहून ठेवा.

पहिल्याच वर्षी सगळे टप्पे पाहायचा संकल्प करू नका. सहा निवडा: सुरुवातीचा एक सपाट टप्पा, एक टेकड्यांचा, एक वैयक्तिक टाइम ट्रायल (प्रत्येक जण एकटा सुटतो तो टप्पा), आल्प्स किंवा पिरेनीजमधले दोन आणि शेवटचा पॅरिसचा. यातला डोंगराचा एक तरी टप्पा झेंडा पडल्यापासून शेवटच्या माणसापर्यंत पाहा. रविवारी डोंगराचा टप्पा असेल तर तोच धरा.

पायरी २: वारा समजून घ्या

ही पायरी नीट झाली तर पुढचं निम्मं आपोआप कळतं.

सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून राहिलं की तोच वेग साधारण एक तृतीयांश कमी कष्टात मिळतो. मोठ्या घोळक्याच्या, म्हणजे पेलोटॉनच्या, पोटात शिरलं तर त्याहूनही पुष्कळ कमी. एवढ्यावरून तुम्हाला दिसणारी बहुतेक दृश्यं उलगडतात.

सुरुवातीला चार-पाच जण पुढे पळतात, त्याला ब्रेकअवे म्हणतात. त्यांना कुणी अडवत नाही, कारण पाच जणांना आळीपाळीने वारा झेलायचा असतो आणि मागे शंभरावर माणसं ते काम वाटून घेऊ शकतात. एक जुना ठोकताळा कामाला येतो: मनावर घेतलेलं पेलोटॉन दहा किलोमीटरमध्ये साधारण एक मिनिट भरून काढतं. चाळीस किलोमीटर उरले असताना पुढच्यांकडे तीन मिनिटं असतील तर सपाट टप्प्यावर ते बहुधा सापडणार. सहा मिनिटं असतील तर लक्ष देऊन पाहा, आज ते सुटू शकतात. पडद्याच्या कोपऱ्यातले हे दोन आकडे, उरलेलं अंतर आणि मधला फरक, सतत वाचायची सवय लावा. कंटाळवाणी वाटणारी दुपार त्या दोन आकड्यांवर पालटते.

सपाट टप्प्याचा शेवटही वाऱ्याचाच. स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या मुसंडीत तरबेज असलेला गडी, स्वतः वारा खातो तो शेवटचे दोन-अडीचशे मीटर. तोवर त्याचे सहकारी एकामागे एक रांग करून त्याला आणतात, प्रत्येक जण आपल्या वाट्याची ताकद संपवून बाजूला होतो. शेवटचा किलोमीटर रस्त्यावर उभारलेल्या लाल कमानीने कळतो. ती दिसली की पहिल्या माणसाकडे पाहू नका. कोणत्या संघाचे अजून दोन-तीन जण शिल्लक आहेत ते मोजा. मार्क कॅव्हेंडिशने २०२४ मध्ये साँ-व्हुल्बास इथे आपला ३५वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा ३४ चा विक्रम मागे टाकला. त्या ३५ विजयांपैकी बऱ्याच विजयांमागे अशा रांगेत पुढे राहून संपलेले गडी आहेत.

सगळ्यात धोकादायक असतो तो बाजूचा वारा. तो सुटला की आडोसा सरळ मागे मिळत नाही, तिरका मिळतो. मग पुढचे वीसेक जण रस्त्याच्या रुंदीभर तिरकी रांग धरतात. त्या रांगेत जागा न मिळालेले सगळे कडेच्या पट्ट्यात, उघड्या वाऱ्यात एकामागे एक लटकतात. तिथे एकाची दोरी तुटली की त्याच्यामागचे सगळे तुटतात. २०१३ मध्ये एकूण क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर असलेल्या आलेहांद्रो वाल्व्हेर्देचं चाक अशाच एका टप्प्यात पंक्चर झालं. तो पुन्हा गाठूच शकला नाही आणि एका सपाट दुपारी जवळपास दहा मिनिटं गमावून बसला. २०२० मध्ये लाव्हूरच्या टप्प्यात ताडेय पोगाचरने अशाच वाऱ्यात १ मिनिट २१ सेकंद गमावले होते. म्हणून मोकळ्या माळावरून किंवा समुद्रकाठाने जाणारा टप्पा असेल, झेंडे आडवे फडफडत असतील आणि मोठे संघ अचानक पुढे येऊन बसले असतील, तर हातातलं काम ठेवा आणि पाहा.

आता घाट. चढ आठ-नऊ टक्क्यांचा झाला की वेग ताशी वीसच्या आसपास येतो आणि हवेच्या आडोशाचा उपयोग फार थोडा राहतो. लढाई उरते ती वजन आणि पायांची. लपायला जागा नसते, म्हणूनच टूरचा निकाल बहुतेक वेळा घाटात लागतो. दुसरी अशी जागा म्हणजे टाइम ट्रायल. तिथे प्रत्येक जण ठरावीक अंतराने एकटा सुटतो आणि दुसऱ्याच्या चाकामागे राहायला परवानगीच नसते.

पायरी ३: वेळेचा हिशेब आणि चार जर्सी

टूर जिंकणारा कदाचित एकही टप्पा जिंकत नाही. सगळ्या टप्प्यांना लागलेल्या वेळेची बेरीज ज्याची सर्वात कमी, तो विजेता, आणि दर दिवसाअखेर ज्याची बेरीज सर्वात कमी त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. शर्यत सुरू झाली १९०३ मध्ये. ‘लोतो’ नावाच्या क्रीडा दैनिकाचा खप वाढवण्यासाठी संपादक आँरी देग्राँज यांनी ती भरवली, आणि पहिल्या वर्षी सहा अजस्र टप्पे पार करून मॉरिस गाराँ जिंकला. पिवळी जर्सी मात्र १९१९ पासूनची. ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापलं जायचं.

एकाच घोळक्यात रेषा ओलांडणाऱ्या सगळ्यांना एकच वेळ मिळते. म्हणजे सपाट टप्प्यात पिवळ्या जर्सीचा दावेदार साठावा आला तरी त्याचं काही बिघडत नाही. साधारणपणे टप्प्यातल्या पहिल्या तिघांना अनुक्रमे १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते. तीन आठवड्यांत दहा सेकंदांची काय किंमत, असं वाटेल. १९८९ मध्ये ग्रेग लेमाँडने लोराँ फिन्याँला अवघ्या ८ सेकंदांनी हरवलं होतं. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती, लेमाँड ५० सेकंद मागे होता आणि त्याने ५८ सेकंद भरून काढले. आणि २०२० मध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी, ला प्लांश दे बेल फीयच्या चढावर संपणाऱ्या ३६ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये, ५७ सेकंद मागे असलेला पोगाचर ५९ सेकंद पुढे गेला. तोवर आघाडीवर असलेल्या प्रिमोझ रोग्लिचचं हेल्मेट कपाळावर सरकलेलं, नजर रिकामी, हे दृश्य पाहिलेला माणूस टाइम ट्रायलला पुन्हा कंटाळवाणी म्हणत नाही. तो टप्पा शोधून अवश्य पाहा.

हिरवी जर्सी गुणांची आहे. टप्प्यातला क्रमांक आणि वाटेतल्या एका मधल्या स्प्रिंटवरचे गुण यांतून ती ठरते. सपाट टप्प्यांना गुण जास्त, त्यामुळे ती बहुधा स्प्रिंटरकडे किंवा पीटर सागानसारख्या अष्टपैलू गड्याकडे जाते. त्याने ती विक्रमी सात वेळा जिंकली. पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी घाटमाथ्यांवरच्या गुणांची. इथे नवख्याची फसगत होते. ही जर्सी घालणारा सर्वात चांगला घाट चढणारा असेलच असं नाही, रोज पुढे पळून माथ्यांवरचे गुण वेचणारा चिवट माणूसही ती मिळवू शकतो. मला ती या कारणासाठीच आवडते. पांढरी जर्सी ठरावीक वयोमर्यादेच्या आतल्या, पंचविशीपर्यंतच्या गड्यांतल्या पहिल्याला मिळते.

म्हणून रोज पाहायला बसताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: आज कोणाला काय हवंय? कुणाला टप्पा हवा असतो, कुणाला फक्त तीन गुण. कुणाला आपल्या नेत्याला वाऱ्यापासून जपायचं असतं. तापाने फणफणलेल्या एखाद्याला आज फक्त वेळेच्या मर्यादेत पोहोचायचं असतं. एकाच रस्त्यावर एकाच वेळी पाच-सहा शर्यती चाललेल्या असतात.

पायरी ४: संघ ओळखा, पण तीनच

वीसहून थोडे अधिक संघ असतात आणि २०१८ पासून प्रत्येकात आठ सायकलपटू. सगळी नावं पाठ करायला जाल तर दमाल. पिवळ्या जर्सीचे दोन मोठे दावेदार ज्यांचे, ते दोन संघ आणि मनाला आवडेल असा तिसरा, एवढे जर्सीच्या रंगावरून ओळखता आले तरी पुरे.

संघात एक नेता असतो. बाकीच्यांची कामं ठरलेली: सपाटीवर तासन्‌तास वारा झेलणारे दणकट गडी, गाडीपर्यंत मागे जाऊन आठ-दहा बाटल्या जर्सीत कोंबून पुन्हा पुढे येणारे, आणि शेवटच्या घाटात नेत्याच्या पुढे राहून वेग ठरवणारे चढाईपटू. नेत्याचं चाक पंक्चर झालं आणि गाडी मागे अडकली तर सहकारी आपलं चाक, कधी आख्खी सायकल काढून देतो आणि रस्त्याकडेला उभा राहतो. मागच्या गाडीतून संघाचा संचालक रेडिओवर सूचना देतो.

शेवटच्या घाटाच्या पायथ्याशी दावेदारांच्या सोबत किती सहकारी उरलेत ते मोजा. एकाकडे तिघे आणि दुसरा एकटा, तर समालोचक काही म्हणोत, तुम्हाला निम्मा निकाल कळलेला असतो.

पायरी ५: टप्प्याची आकृती आदल्या रात्री वाचा

स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक टप्प्याची उंच-सखल आकृती असते. पाच मिनिटं पुरतात. आधी शेवट पाहा: सपाट, छोट्या तीव्र चढावर, घाटमाथ्यावर, की माथा ओलांडून उतारानंतर? मग घाट पाहा. चौथ्या श्रेणीचा घाट सर्वात सोपा, पहिल्या श्रेणीचा अवघड आणि त्याच्याही वर ‘श्रेणीबाह्य’ घाट असतात. लांबी आणि सरासरी चढ दोन्ही एकत्र वाचा. आल्प द्युएझ १३.८ किलोमीटर लांब, सरासरी ८.१ टक्के आणि २१ वळणांचा आहे. २०२६ च्या मार्गात लागोपाठ दोन दिवस टप्प्याचा शेवट तिथे ठेवला. सरासरीच्या आत मात्र बरंच काही लपतं. मधे दोन किलोमीटर सपाटी आणि नंतर अकरा टक्के, असा घाट हल्ल्याला, म्हणजे अचानक वेग वाढवून सुटायला, सोयीचा.

उंचीचाही विचार करा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. गालिबिए खिंडीतला रस्ता २,६४२ मीटरवर जातो. तिथे हवा विरळ होते आणि पठारावर भारी वाटणारे गडी अचानक ढेपाळतात. पिरेनीजमधला तूर्माले २,११५ मीटरचा. १९१० मध्ये तो पहिल्यांदा मार्गात आला तेव्हा रस्ता म्हणजे खडी आणि चिखल होता. माँ व्हाँतूचा माथा तर झाडाविना उघडा, पांढऱ्या दगडांचा. उन्हाचा आणि वाऱ्याचा मारा तिथे एकत्र होतो. १९६७ मध्ये टॉम सिम्पसनचा त्याच चढावर मृत्यू झाला. त्याचं स्मारक रस्त्याकडेला आहे आणि आजही सायकलस्वार तिथे थांबतात.

पायरी ६: डोंगराचा एक टप्पा, तासातासाने

नमुना म्हणून २०२२ चा अकरावा टप्पा घ्या, आल्बेर्व्हिलहून कोल दु ग्रानाँपर्यंतचा. आधुनिक टूरमधला माझ्या मते सर्वोत्तम दिवस तोच, आणि त्याचे तपशील कळले की इतर टप्पे वाचता येतात.

पिवळी जर्सी पोगाचरकडे होती. योनास विंगेगार्ड ३९ सेकंद मागे होता. पहिल्या तासात नेहमीप्रमाणे पुढे पळण्यासाठी मारामारी झाली, आणि विंगेगार्डच्या संघाने आपले काही गडी त्या पळालेल्यांत मुद्दाम घुसवले. असं दिसलं की नोंद घ्या. ते टप्पा जिंकायला गेलेले नसतात. पुढे कुठेतरी थांबून आपल्या नेत्याच्या मदतीला ते उभे राहणार असतात.

शेवटचा घाट अजून साठ किलोमीटर दूर असताना, तेलेग्राफ आणि गालिबिएवर, विंगेगार्ड आणि त्याचाच सहकारी रोग्लिच यांनी पोगाचरवर आळीपाळीने हल्ले सुरू केले. एक सुटला की पोगाचर त्याच्यामागे, तो पकडला की दुसरा. पोगाचरचे सहकारी मागे पडले होते, त्यामुळे प्रत्येक हल्ल्याला त्यालाच उत्तर द्यावं लागलं. तेव्हा तो हसतही होता, स्वतःच हल्लेही करत होता. पाहणाऱ्यांना वाटलं, याच्यावर काही परिणाम नाही. अशा वेळी चेहऱ्याकडे न पाहता तो खातोय का, पितोय का, जर्सीची चेन उघडतोय का, हे पाहावं. डोंगराच्या एका दिवसात हे लोक पाच-सहा हजार कॅलरी जाळतात आणि तासाला ९० ग्रॅमच्या वर पिष्टमय अन्न पोटात घालतात. तापलेल्या दुपारी दोन तास खाण्याकडे दुर्लक्ष झालं तर त्याची भरपाई शेवटच्या घाटात होत नाही.

ग्रानाँच्या मध्यावर, माथा पाचेक किलोमीटर असताना, विंगेगार्ड सुटला. पोगाचर जागेवरून उठलाच नाही. जर्सी उघडी, खांदे हलताहेत, आणि एकेक जण त्याला ओलांडून पुढे. माथ्यावर त्याने विंगेगार्डच्या तुलनेत पावणेतीन मिनिटांहून अधिक गमावले. पिवळी जर्सी गेली आणि ती टूरही गेली. ही टूर ग्रानाँवर हरली असं लोक म्हणतात. माझ्या मते ती गालिबिएवर हरली; ग्रानाँवर फक्त दिसली. म्हणून डोंगराचा टप्पा शेवटच्या अर्ध्या तासापुरता पाहू नका.

विजेता आला की टीव्ही बंद करू नका. मागे चाळीस-पन्नास जणांचा एक घोळका येत असतो, त्यात स्प्रिंटर आणि दमलेले सहकारी असतात. विजेत्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांत पोहोचलं नाही तर ते स्पर्धेबाहेर. घड्याळाचा अंदाज घेत, एकमेकांना ओढत आलेल्या त्या घोळक्याची झुंज पुढच्या शर्यतीइतकीच खरी असते. त्यांच्या मागे, शर्यत सोडून दिलेल्यांना उचलणारी गाडी फिरत असते.

पायरी ७: नियम आणि अलिखित संकेत

सपाट टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कुणी पडला किंवा सायकल बिघडली तर त्याला तो ज्या घोळक्यात होता त्याचीच वेळ मिळते. अलीकडे काही टप्प्यांत ही हद्द पाच किलोमीटरपर्यंत वाढवतात. घाटमाथ्यावर संपणाऱ्या टप्प्याला ही सवलत नाही.

पूर्वीचे नियम निर्दय होते. १९१३ मध्ये तूर्माले उतरताना यूजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. बाहेरची मदत घ्यायला बंदी होती. तो सायकल खांद्यावर टाकून कित्येक किलोमीटर चालत साँत-मारी-द-कांपाँ गावात गेला आणि लोहाराच्या भट्टीत स्वतः हाताने चिमटा जोडला. एका पोराने भाता मारला, म्हणून वर त्याला दंडही झाला. आज संघाची गाडी सेकंदांत दुसरी सायकल काढून देते.

अलिखित संकेतांपैकी सर्वात नाजूक हा: पिवळ्या जर्सीवाल्याची सायकल बिघडली तर त्याच क्षणी हल्ला करू नये. २०१० मध्ये पोर द बालेसच्या चढावर आंडी श्लेकची साखळी उतरली, आल्बेर्तो कोंतादोर पुढे निघून गेला आणि त्या दिवशी त्याने ३९ सेकंद कमावले. पॅरिसमध्ये अंतिम फरकही ३९ सेकंदांचाच होता. पुढे कोंतादोरचं ते विजेतेपद उत्तेजक चाचणीवरून काढून घेतलं आणि श्लेकला दिलं. कोंतादोरने थांबायला हवं होतं का, यावर सायकलप्रेमी अजून भांडतात. मी थांबायला हवं होतं या बाजूचा.

उत्तेजकांचा विषय टाळून ही शर्यत प्रामाणिकपणे सांगता येत नाही. १९९८ मध्ये फेस्टिना संघाच्या गाडीत औषधांचा साठा सापडला. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये रद्द झाली आणि त्या सात वर्षांचा विजेता म्हणून दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलेलं नाही. २००८ पासून सायकलपटूंच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवणारी जैविक पारपत्राची पद्धत लागू आहे. शंका घेणाऱ्याला मी गप्प करत नाही. या खेळाने ती शंका स्वतः ओढवून घेतली आहे.

पायरी ८: फ्रान्समध्ये जाऊन पाहायची असेल तर

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सहज जमण्यासारखं आहे, आणि इथून जाणाऱ्यांनाही थोडं नियोजन केलं तर कठीण नाही. पुढच्या वर्षीचा मार्ग आदल्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये जाहीर होतो. त्याच आठवड्यात राहण्याची जागा धरा, कारण डोंगरातली छोटी गावं फार लवकर भरतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिलच्या पुढे ढकलू नका.

रस्त्यावर उभं राहून पाहायला तिकीट नाही. जागा निवडणं मात्र महत्त्वाचं. सपाट रस्त्यावर पेलोटॉन अर्ध्या मिनिटात निघून जातं, तेव्हा तिथे दिवस घालवू नका. घाटात उभे राहा, माथ्यापासून तीन-चार किलोमीटर खाली, वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथून खालचे दोन-तीन रस्ते दिसतात. तिथे वेग कमी असतो, माणसं एकेक करून येतात आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अर्धा-पाऊण तास पाहायला मिळतं. चेहरे, श्वास, गिअरचा आवाज, सगळं हाताच्या अंतरावर. दुसरी उत्तम जागा टाइम ट्रायलचा मार्ग: प्रत्येक जण वेगळा दिसतो आणि कार्यक्रम दिवसभर चालतो. सायकलपटूंना जवळून पाहायचं असेल तर सकाळी सुरुवातीच्या गावात, संघांच्या बस उभ्या राहतात तिथे जा.

घाटातले रस्ते शर्यतीच्या कित्येक तास आधी वाहनांना बंद होतात, मोठ्या घाटात कधी आदल्या रात्रीच. खाली गाडी लावून चालत वर जायची तयारी ठेवा. दोन लिटर पाणी, टोपी, खाणं आणि ऊन कितीही असलं तरी एक जाकीट घ्या. दोन हजार मीटरवर ढग आला की हवा झटक्यात गार पडते. शर्यतीच्या साधारण दोन तास आधी जाहिरातींच्या सजवलेल्या गाड्यांचा ताफा जातो. ही प्रथा १९३० पासूनची. गाड्यांतून टोप्या, खाऊ, किचेन फेकतात, मुलांना त्यात विलक्षण आनंद असतो. वस्तूमागे रस्त्यावर धावू देऊ नका.

शर्यत येतेय हे हेलिकॉप्टरच्या आवाजावरून कळतं. त्यानंतर रस्त्यावर पाऊल नको. पाठ करून फोटो काढू नका, सायकलपटूबरोबर धावू नका, मशाली पेटवू नका. २०२१ मध्ये पहिल्याच टप्प्यात एका प्रेक्षकाने कॅमेऱ्याकडे पाहत पुठ्ठ्याचा फलक रस्त्यावर धरला, टोनी मार्टिन त्यावर आदळला आणि त्याच्यामागे डझनावारी गडी पडले. वर्षभराची मेहनत अशी मातीत जाऊ शकते.

नजर तयार करायला फ्रान्सचीच वाट पाहायला हवी असं नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दर्जाची बहुटप्पी शर्यत झाली. अशी शर्यत जवळ आली तर चढावर जाऊन उभे राहा आणि शेवटच्या वीस जणांपर्यंत थांबा.

पायरी ९: जुलै संपल्यावर

याच जातीच्या तीन आठवड्यांच्या आणखी दोन शर्यती आहेत, मेमध्ये इटलीतली जिरो आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्पेनमधली व्हुएल्ता. पण त्याआधी महिलांची टूर पाहा. २०२२ मध्ये ती नव्याने सुरू झाली आणि तेव्हापासून तिने एकाहून एक सरस शेवट दिले आहेत. २०२४ मध्ये पिवळी जर्सी घातलेली डेमी व्होलेरिंग पाचव्या टप्प्यात शेवटून सहा-एक किलोमीटरवर पडली. तीन किलोमीटरच्या हद्दीबाहेर असल्यामुळे सवलत मिळाली नाही आणि पावणेदोन मिनिटं गेली. शेवटच्या दिवशी तिने आल्प द्युएझवर टप्पा जिंकला, तरी काताझिना न्येव्यादोमाने टूर ४ सेकंदांनी राखली. पुरुषांची टूर आणि ही यांतला सगळ्यात सोयीचा फरक म्हणजे तिचे टप्पे आठ-नऊच असतात. तीन आठवडे काढणं जमणार नसेल, तर पहिली अख्खी टूर म्हणून हीच घ्या.